मुलाचा जीपीए 2.4 आहे, तरी फायनान्शियल एड बंद?

एडिसनची_आई:
नमस्कार. मुलाचं इथल्या न्यू जर्सीतल्या सरकारी विद्यापीठातलं दुसरं वर्ष मे महिन्यात संपलं. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे दरवर्षी फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरतो. त्याला पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) आणि थोडं फेडरल लोन मिळतं. आता कॉलेजची ईमेल आलीय की तो 'सॅप'मध्ये (एड चालू राहायला अभ्यासात लागणारी पुरेशी प्रगती) बसत नाही आणि फॉलपासून, म्हणजे पुढच्या सेमिस्टरपासून, एड मिळणार नाही.

त्याचा जीपीए (गुणांची सरासरी, 4 पैकी) 2.4 आहे आणि अट 2.0 ची आहे. मग अडलं कुठे? गेल्या ऑक्टोबरमध्ये ह्यांची बायपास झाली. दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून मुलगा संध्याकाळी काउंटरवर बसायचा. तेव्हा त्याने तीन विषय विथड्रॉ केले, म्हणजे मध्येच सोडले, स्प्रिंगमध्ये आणखी दोन. "आई, विथड्रॉ केलं की जीपीए बिघडत नाही," असं म्हणाला होता, आणि ते खरंच आहे ना? आत्तापर्यंत घेतलेली क्रेडिट 60, पास झालेली 36. ऑगस्टमध्ये फी भरायची आहे. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

शार्लटकर:
ताई, आधी अपीलची शेवटची तारीख बघा. ती फीच्या तारखेच्या बरीच आधी असू शकते. आमच्या पुतण्याचं अपील मंजूर झालं होतं, तेव्हा धीर सोडू नका.

मेथीची_जुडी:
मी ओहायोत एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) फायनान्शियल एड ऑफिसात काम करते. अशी अपिलं दर उन्हाळ्यात वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जीपीए ही सॅपची एक अट झाली. मुलगा अडकलाय तो दुसऱ्या अटीत, तिला 'पेस' म्हणतात. घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केली, ते त्यात बघतात. फेडरल नियमाप्रमाणे पदवी ठरलेल्या क्रेडिटच्या दीडपटीत पूर्ण व्हायला हवी. म्हणजे 120 क्रेडिटची पदवी जास्तीत जास्त 180 क्रेडिट घेऊन. 180 मधली 120 म्हणजे दोन तृतीयांश, म्हणून बहुतेक कॉलेजं 67% मागतात. तुमच्या मुलाचे 60 पैकी 36, म्हणजे 60%. विथड्रॉ केलेला विषय जीपीएत येत नाही, पण 'घेतलेल्या' क्रेडिटमध्ये धरला जातो. हे मुलांना आधी कुणी नीट सांगत नाही आणि एड गेल्यावर कळतं, याचं मला फार वाईट वाटतं.

एक सेमिस्टर आधी इशारा का नाही आला, असंही वाटेल. दर सेमिस्टरला तपासणाऱ्या कॉलेजलाच 'वॉर्निंग' देता येते. वर्षातून एकदा तपासणाऱ्या कॉलेजात थेट एड थांबते.

आता अपील. जवळच्या माणसाचा मृत्यू, विद्यार्थ्याचा आजार किंवा अपघात, किंवा इतर विशेष परिस्थिती, ही कारणं नियमातच आहेत. वडिलांची बायपास आणि दुकान, हे तिसऱ्यात बसतं. पत्रात दोन गोष्टी लागतात: तेव्हा काय झालं, आणि आता काय बदललंय. पहिलं सगळेच भरभरून लिहितात. दुसऱ्यावर एक ओळ असते, "आता मन लावून अभ्यास करीन", आणि तिथेच अपील कच्चं पडतं. बाबा कधीपासून दुकानात परत बसायला लागले, संध्याकाळी आता काउंटरवर कोण असतं, फॉलला कोणते विषय घेणार, हे लिहायला हवं. सोबत हॉस्पिटलचे डिस्चार्जचे कागद जोडा, आणि ऑपरेशनची तारीख व विषय सोडल्याच्या तारखा शेजारी शेजारी द्या. वाचणाऱ्याला जुळणी करावी लागू नये.

पत्र मुलाने स्वतः लिहावं. ऑफिसला फोनही त्यानेच करावा, कारण त्याच्या लेखी परवानगीशिवाय ते तुमच्याशी बहुधा बोलणार नाहीत. आणि पत्र नीट लिहा, कारण कॉलेजचा निर्णय अंतिम असतो, वर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही.

नांदेडचे_सर:
इथे भारतात केंद्राच्या सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिपलाही अशाच अटी आहेत. पदवीला वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण दरवर्षी नूतनीकरणाला किमान 50% गुण आणि 75% हजेरी लागते. एकदा मंजूर झाली की घरचे निर्धास्त होतात, आणि दुसऱ्या वर्षी एनएसपीवरचा (सरकारचं स्कॉलरशिप पोर्टल) अर्जच राहून जातो. बारावीच्या मुलांना मी हे आधीच सांगून ठेवतो. ताई, साहेबांची तब्येत आता बरी असेल अशी आशा करतो.

एडिसनची_आई:
सर, ते आता बरे आहेत, मेपासून रोज दुकानात जातात. मेथीताई, मनापासून आभार. काल रात्री ह्यांनाही सगळं सांगितलं. एक विचारू? समरमध्ये पदरचे पैसे घालून दोन विषय केले तर 67% होतील का? की सरळ कम्युनिटी कॉलेजला जावं?

मेथीची_जुडी:
दोन विषयांनी नाही होणार. 6 क्रेडिट पास केली तर 66 पैकी 42, म्हणजे 64% च्या आसपास. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे वाढतात ना. सलग 13 क्रेडिट पास केली की 73 पैकी 49, तिथे 67% ओलांडतात. अपील मंजूर झालं तर एका सेमिस्टरसाठी 'प्रोबेशन'वर, म्हणजे तात्पुरती, एड चालू राहते. फॉलला 15 घेऊन सगळी पास केली तर 75 पैकी 51, म्हणजे 68%. पण सगळी पास व्हायला हवीत. एकही विषय सोडायची वेळ आली तर सोडण्याआधी एड ऑफिसला विचारायचं.

कॉलेज बदलायची घाई नको. नव्या कॉलेजात त्यांनी स्वीकारलेली क्रेडिट घेतलेल्यात आणि पूर्ण केलेल्यात, दोन्हींत धरतात. विथड्रॉ केलेल्या विषयांचं काय करायचं, ते प्रत्येक कॉलेजच्या धोरणावर असतं. आधी अपील करा. पत्राचा कच्चा मसुदा झाला की नाव-गाव काढून इथे टाका, मी वाचते.