मूळ वेतन तेच, फरक घरभाड्याचा

वर कुणीतरी लिहिलंय की केंद्र सरकारी नोकरीत मुंबईला बदली झाली की बेसिक वाढतं. तसं नसतं. सातव्या वेतन आयोगात लेव्हल ६ ची, म्हणजे वेतनाच्या सहाव्या पायरीची, सुरुवात महिना ३५,४०० वर होते, मग टेबल मुंबईत असो वा रत्नागिरीत. वर्षाला साधारण ३ टक्क्यांची वेतनवाढ मिळाली की वेतनाच्या तक्त्यात त्याच रकान्यात एक घर खाली, म्हणजे ३६,५००. महागाई भत्त्याचा दरही देशभर सारखाच.

गावाप्रमाणे मुख्यतः बदलतो तो घरभाडे भत्ता. शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत. सुरुवातीला हा भत्ता मूळ वेतनाच्या २४, १६, ८ टक्के होता, २०२१ मध्ये २७, १८, ९ झाला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून ३०, २०, १० झाला. म्हणजे ३५,४०० वर मुंबईत १०,६२०, नागपुरात ७,०८० आणि रत्नागिरीत ३,५४०. आता १०,६२० मध्ये मुंबईत कुठली खोली मिळते ते घर शोधणाऱ्यालाच विचारा!

वर्ग ठरतो तो लोकसंख्येवर, तिथल्या भाड्यावर नाही. ५० लाखांच्या वर एक्स, ५ ते ५० लाख वाय. म्हणूनच पुण्याला एक्स व्हायला २०१५ उजाडलं, तेही २०११ च्या जनगणनेच्या आधारावर. भाडी तोवर थांबली होती थोडीच.

आणि हो, सरकारी क्वार्टर घेतलंत तर हा भत्ता बंद. बदलीचं गणित मांडताना हे बरेच जण विसरतात.