गांजा न ओढणाऱ्याच्या मेंदूतही गांज्याच्या रसायनासाठी ग्राही का असतात? – आनंदामाइडविषयी

सह्यकन्या :

मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. मानवी आरोग्य आणि रोग या प्रकरणात एनसीईआरटीच्या पुस्तकात एक वाक्य आहे की, कॅनॅबिनॉइड गटातील (म्हणजे गांजातील व तत्सम) रसायने प्रामुख्याने मेंदूत असलेल्या कॅनॅबिनॉइड ग्राहींवर (रसायन जेथे चिकटून परिणाम घडवते अशा पेशींवरील प्रथिनांवर) परिणाम करतात. या वाक्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, ज्याने आयुष्यात कधी गांजाला हातही लावलेला नाही, त्याच्या मेंदूत हे ग्राही कशासाठी असतात. प्रश्न इतका रास्त होता की, शरीर स्वतःच आनंदामाइड नावाचा तसाच एक पदार्थ तयार करते, एवढ्या उत्तराने तिचे समाधान होणार नाही हे मला तेव्हाच कळले.

त्यानंतर मी वाचायला घेतले, तर मराठीत हाती आले ते बहुतेक ‘आनंदाचे संप्रेरक’ अशा मथळ्याचे मजकूर, ज्यांत चॉकलेट खाऊन किंवा पळून ते वाढवण्याचे सल्ले होते. मला हवे आहे ते वेगळे. हा पदार्थ कोणी, कसा शोधला? तो मेंदूत नेमके काय करतो? आणि तो आनंद देत असेल, तर त्याचे प्रमाण वाढवणारे औषध आजवर का आले नाही? जाणकारांनी थोडे सविस्तर लिहावे, ही विनंती.

रसशाळा :

सह्यकन्याताई, मी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात औषधक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. या शोधाचा क्रम समजला की पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

अफूतील मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच शुद्ध स्वरूपात मिळाले होते, परंतु गांजातील नशा आणणारे टीएचसी शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित व्हायला १९६४ साल उजाडले. ते काम इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी केले. उशीर होण्याचे कारण असे की, मॉर्फिन अल्कलॉइड असल्याने त्याचे स्फटिक करता येतात, तर गांजातील रसायने चिकट, तेलकट आणि एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की, त्या काळच्या पद्धतींनी ती एकेकटी सुटी करणे फार जिकिरीचे होते. टीएचसी इतके मेदविद्राव्य आहे की, ते पेशीपटलात शिरून तेथील मेदाची घडी विसकटते आणि त्यामुळे नशा येते, अशी समजूत पुढील वीसेक वर्षे अनेक संशोधकांची होती. अशा स्थितीत ग्राही असण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती.

ही समजूत १९८८ मध्ये मोडली. अमेरिकेत सेंट लुई विद्यापीठात अ‍ॅलिन हाउलेट आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम डेव्हेन यांनी किरणोत्सारी खूण लावलेले एक कृत्रिम कॅनॅबिनॉइड वापरून दाखवले की, उंदराच्या मेंदूत त्याला बांधून घेणारी निश्चित ठिकाणे आहेत. १९९० मध्ये लिसा मात्सुदा आणि सहकाऱ्यांनी या ग्राहीचे जनुक हाती आणले, आणि आज त्यालाच सीबी-१ म्हणतात. प्रामुख्याने प्रतिकार संस्थेच्या पेशींत आढळणारा सीबी-२ हा १९९३ मध्ये केंब्रिजमध्ये सापडला.

आपल्या विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, तोच या संशोधकांपुढे उभा होता. एखाद्या झाडातील रसायनाची वाट पाहत प्राण्याचे शरीर ग्राही बांधून ठेवणार नाही, म्हणजे शरीराचा स्वतःचा काहीतरी पदार्थ असलाच पाहिजे. डेव्हेन पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मेशुलाम यांच्याकडे गेले, आणि तेथे त्यांनी लुमीर हानुश यांच्यासह डुकराच्या मेंदूतून असा पदार्थ वेगळा करण्याचे काम हाती घेतले. टीएचसी मेदविद्राव्य आहे, म्हणून शरीरातील पदार्थही मेदासारखाच असेल, हा त्यांचा अंदाज होता, आणि मला तो या सबंध कथेतील सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो, कारण तोवर ज्ञात असलेले बहुतेक चेतापारेषक (चेतापेशींमध्ये संदेश वाहणारी रसायने) पाण्यात विरघळणारे होते आणि शोधाची नेहमीची वाट तिकडेच जात होती. १९९२ मध्ये त्यांनी रचना जाहीर केली: अरॅकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल आणि इथेनॉलअमाइन यांच्या जोडणीतून झालेले अमाइड. संस्कृतातील ‘आनंद’ घेऊन त्याला आनंदामाइड नाव दिले गेले. अ‍ॅबर्डीन येथील रॉजर पर्टवी यांनी उंदराच्या ऊतीवर तपासून तो टीएचसीप्रमाणेच वागतो, हेही त्याच शोधनिबंधात दाखवले होते.

तीन वर्षांनी, १९९५ मध्ये, २-एजी नावाचा दुसरा असा पदार्थ मेशुलाम यांचा गट आणि जपानमधील एक गट यांनी स्वतंत्रपणे जाहीर केला. मेंदूत त्याचे प्रमाण आनंदामाइडच्या शंभर पटींहून अधिक असते. हे विसरून केवळ आनंदामाइडविषयी बोलले, तर चित्र अर्धे राहते.

निशिगंध :

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

नेहमीचे चेतापारेषक आधीच तयार करून चेतापेशीच्या टोकाशी इवल्या पिशव्यांत साठवलेले असतात. आनंदामाइड साठवले जात नाही. चेतापेशी उत्तेजित झाली, तिच्यात कॅल्शियम वाढले की, पेशीपटलातील मेदापासूनच ते त्या क्षणी कापून काढले जाते, आसपासच्या ग्राहींवर काम करते आणि लगेच पेशीत ओढून घेतले जाते. तेथे फा (एफएएएच) नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करते, आणि या विकराचे जनुक बेंजामिन क्रॅव्हॅट यांनी १९९६ मध्ये शोधले. म्हणजे हा पदार्थ गरज पडली तेथे, गरज पडली तेवढा आणि तेवढ्याच वेळेपुरता असतो. संप्रेरक ग्रंथीतून निघून रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत जाते, तर हा सहसा जेथे तयार होतो तेथेच संपतो, म्हणून त्याला संप्रेरक म्हणणे मला पटत नाही.

आता काम. सीबी-१ ग्राही बहुतांशी संदेश पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावर असतात. संदेश घेणारी पेशी फार उत्तेजित झाली, तर ती हे पदार्थ सोडते, ते उलट दिशेने जाऊन पाठवणाऱ्या पेशीवरील सीबी-१ला चिकटतात, आणि तेथून चेतापारेषक सुटण्याचे प्रमाण घटते. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला ‘जरा हळू’ म्हणावे, तसे हे आहे. हा उलटा संदेश २००१ मध्ये एकाच सुमारास तीन गटांनी दाखवला. तथापि, क्षणार्धात घडणाऱ्या या उलट्या संदेशाचा मुख्य वाहक २-एजी असल्याचे पुढे स्पष्ट झाले, कारण २-एजी तयार करणारे विकर नसलेल्या उंदरांत तो संदेश नाहीसा होतो. आनंदामाइड त्यापेक्षा संथ, दीर्घकाळ राहणारी पातळी राखते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय मिरचीचे कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर काम करते, त्याच टीआरपीव्ही-१ वरही आनंदामाइड काम करते, हे १९९९ मध्ये दिसले. म्हणजे एकच रेणू एका ग्राहीवर वेदना कमी करतो, तर दुसऱ्यावर वेदनेच्या चेतातंतूंना चेतवतो.

मेंदूतील वाटपाकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधावे. सीबी-१ हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित भाग), अनुमस्तिष्क (तोल सांभाळणारा भाग) आणि हालचालींचे नियमन करणाऱ्या भागांत दाट आहेत, आणि श्वास व रक्ताभिसरण चालवणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या केंद्रांत अगदी विरळ. स्मृती, तोल आणि वेळेचे भान बिघडणे हे गांजाचे परिणाम या नकाशावरून समजतात. आणि अफूच्या अतिसेवनाने श्वास थांबतो तसा गांजाने सहसा का थांबत नाही, हेही.

‘आनंद’ या नावामुळे होणारी दिशाभूल २००२ च्या एका प्रयोगाने सर्वांत चांगली दूर होते. विशिष्ट आवाजानंतर विजेचा सौम्य धक्का बसतो हे शिकलेला उंदीर, पुढे धक्का बसेनासा झाला की, त्या आवाजाची भीती हळूहळू सोडतो. सीबी-१ नसलेले उंदीर भीती शिकतात, परंतु ती सोडणे त्यांना फार कठीण जाते. भीतीचे कारण संपल्यावर भीती उतरू देणे हे काम मला ‘आनंद देणे’ या वर्णनापेक्षा कितीतरी खोल वाटते.

सह्यकन्या :

दोघांचेही मनापासून आभार. भीती उतरण्याचा प्रयोग मी वर्गात नक्की सांगेन. औषधाचा प्रश्न मात्र राहिला. आणखी एक चिंता आहे. शरीर स्वतःच असा पदार्थ तयार करते म्हटल्यावर, ‘मग गांजाही नैसर्गिकच’ असा निष्कर्ष सतरा-अठरा वर्षांची मुले काढतील, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार हवे.

रसशाळा :

औषधांचा इतिहास दोन बाजूंनी पाहावा लागतो.

पहिली बाजू ग्राही बंद करण्याची. गांज्याने भूक वाढते, तर सीबी-१ अडवला की भूक कमी होईल, या तर्काने रिमोनाबँट हे वजन घटवण्याचे औषध २००६ मध्ये युरोपात मान्य झाले. वजन खरोखर उतरले. परंतु नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार वाढले. अमेरिकेच्या सल्लागार समितीने २००७ मध्ये ते नाकारले, २००८ मध्ये युरोपात विक्री थांबली, आणि २००९ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. या औषधाने अनेक कुटुंबांना त्रास दिला हे खरेच, पण त्याच अनुभवातून माणसांच्या बाबतीतही एक गोष्ट कळली की, ही यंत्रणा रोज, शांतपणे, मनःस्थिती सावरण्याचे काम करत असते.

दुसरी बाजू आनंदामाइडचे विघटन रोखण्याची. फा विकर नसलेल्या उंदरांत आनंदामाइड वाढते आणि वेदना कमी जाणवते, हे २००१ पासून माहीत होते. त्यावर आधारलेले फायझर कंपनीचे औषध गुडघ्याच्या संधिवातावर तपासले गेले. रुग्णांच्या रक्तातील विकर जवळजवळ पूर्ण बंद झाले, आनंदामाइड कित्येक पटींनी वाढले, आणि वेदना मात्र निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक कमी झाली नाही. त्याच चाचणीत नेप्रोक्सेन या नेहमीच्या वेदनाशामकाने फरक पडला. ‘रक्तात वाढवा म्हणजे झाले’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हा २०१२ चा निष्कर्ष वाचायलाच हवा, असे मला वाटते.

जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे अशाच दुसऱ्या एका औषधाच्या पहिल्या मानवी चाचणीत सहा निरोगी स्वयंसेवकांना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. पुढील वर्षीच्या तपासणीत दिसले की, ते औषध फाखेरीज मेदावर काम करणारी इतर अनेक विकरेही अडवत होते, तर फायझरचे औषध तसे करत नव्हते. त्यामुळे त्या दुर्घटनेचे खापर आनंदामाइडवर फोडणे योग्य नाही, पण या क्षेत्रातील अनेक चाचण्या त्यानंतर खोळंबल्या.

असे असूनही आशा का टिकून आहे? २०१९ मध्ये स्कॉटलंडमधील एका वृद्ध महिलेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिला शस्त्रक्रियेनंतरही वेदनाशामकांची गरज भासली नव्हती, चिंता फारशी ठाऊक नव्हती, आणि तिच्या जखमा लवकर भरत. तिच्यात फा जनुकाच्या शेजारचा एक छोटा भाग गळालेला आढळला, आणि रक्तातील आनंदामाइड वाढलेले. तिच्या विसराळूपणाचाही त्याच अहवालात उल्लेख आहे. मात्र तिच्यात हा बदल जन्मापासून आहे. तेव्हा प्रौढ वयात काही आठवडे गोळी घेऊन तेच फळ मिळेल, हे गृहीत धरता येत नाही.

वस्तुमानमापक :

मी जर्मनीत एका प्रयोगशाळेत वस्तुमान वर्णपटमापनाचे (रेणूंचे वस्तुमान मोजून पदार्थ ओळखण्याचे) काम करते, म्हणून मोजमापापुरते लिहिते. रक्तद्रवात आनंदामाइड मिलिलिटरमागे एका नॅनोग्रॅमहूनही कमी असते. रक्त काढून तसेच खोलीच्या तापमानाला ठेवले, तर रक्तपेशी स्वतःच ते सोडत राहतात आणि आकडा फुगतो. म्हणून नमुना लगेच बर्फावर ठेवून रक्तद्रव वेगळा करावा लागतो. आनंदामाइडचे आकडे वाचताना ही काळजी घेतली होती का, ते जरूर पाहावे.

कोकोमध्ये आनंदामाइड असल्याचे १९९६ मध्ये दाखवले गेले हे खरे, पण ते अत्यल्प आहे आणि पोटात गेलेले बहुतेक मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच विघटित होते. धावण्याचा पुरावा अधिक भक्कम आहे. धावल्यावर रक्तातील आनंदामाइड वाढते. २०१५ मध्ये जर्मनीतच उंदरांवर दिसले की, धावल्यानंतरची शांतता कॅनॅबिनॉइड ग्राही अडवल्यास जाते, ओपिऑइड (अफूसारख्या रसायनांचे) ग्राही अडवल्यास जात नाही. २०२१ मध्ये ६३ धावपटूंना ओपिऑइड ग्राही अडवणारे नाल्ट्रेक्सोन दिले, तरी धावल्यावरचा उल्हास टिकून राहिला. हा उल्हास एंडॉर्फिन या शरीरातील अफूसारख्या पदार्थामुळे येतो, ही जुनी कथा त्यामुळे बरीच डळमळली. मात्र तो उल्हास आनंदामाइडमुळेच येतो, हे माणसांत थेट सिद्ध झालेले नाही.

निशिगंध :

मुलांच्या निष्कर्षाचे उत्तर आपल्याला याच माहितीतून देता येईल. आनंदामाइड काही क्षण, एका ठिकाणी असते. टीएचसी फा विकराने तुटत नाही. त्याचे विघटन प्रामुख्याने यकृतात होते, परिणाम तासन्‌तास राहतो आणि मेदात साचल्यामुळे अंश कित्येक दिवस उरतात. शिवाय ते संपूर्ण मेंदूतील सीबी-१वर एकाच वेळी, कोणती पेशी उत्तेजित आहे आणि कोणती नाही याचा विचार न होता, काम करते. नियमित सेवन चालू राहिले, तर मेंदू ग्राहींची संख्याच कमी करतो. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या प्रतिमांत हे दिसले आहे, आणि चारेक आठवडे बंद ठेवल्यावर ती बव्हंशी पूर्ववत होते, हेही.

किशोरवयाची गोष्ट आणखी वेगळी आहे. मेंदूची जोडणी पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते आणि कोणते जोड ठेवायचे, कोणते छाटायचे, या कामात हीच यंत्रणा सहभागी असते. लहान वयात सुरू झालेले नियमित आणि तीव्र सेवन, विशेषतः घराण्यात मनोविकाराचा इतिहास असल्यास, स्किझोफ्रेनियासारख्या आजाराच्या वाढलेल्या जोखमीशी जोडलेले आढळते. माझ्या बाह्यरुग्ण विभागात विशीच्या आतली अशी मुले येतात, आणि त्यांच्या आईवडिलांपैकी बहुतेकांनी ‘ती तर वनस्पतीच आहे’ हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकलेले असते. आपल्या विद्यार्थिनीला सांगावे की, ते ग्राही तिच्या स्वतःच्या रेणूंसाठी आहेत, आणि ते रेणू तिचा मेंदू गरजेप्रमाणे स्वतः मोजून तयार करतो.