विषय: जूनमध्ये कायमचे दादरला येतोय, लेकाच्या थेरपीचं काय?

मंडळी, नमस्कार.

सासऱ्यांच्या तब्येतीमुळे आम्ही जूनमध्ये न्यू जर्सी सोडतोय. लेक पाच वर्षांचा, ऑटिझम आहे, अजून शब्द मोजकेच. इथे तीन वर्षांचा झाल्यापासून स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांचा सराव) सगळं शाळेतच होतं, बसही दारात येते. मुंबईत असं एकाच जागी सगळं देणारं काही आहे का? शिवाय सासूबाईंचं पालुपद, "याचा बाबाही उशिराच बोलला होता." त्यांना कसं समजावू?

(न्यू जर्सीहून)

---

अगं, मी परत येऊन आठ वर्षं झाली तरी या ईमेल-यादीवरून नाव काढलेलं नाही, ते अशाच मेलसाठी.

दारातली बस विसर. थेरपीच्या पाट्या मुंबईत गल्लोगल्ली आहेत, आमच्या माहीमच्या एका रस्त्यावर तीन. पण ओटी एकीकडे, स्पीच दुसरीकडे, शाळा तिसरीकडे, आणि या सगळ्यांना जोडणारी फाइल आईच्या खांद्यावर.

पहिली दोन वर्षं मी लेकीला आत सोडून बाहेर बाकावर मोबाइल बघत बसायचे. मग एका नव्या बाईंनी मला आत बोलावलं. घट्ट झाकणाच्या बरणीत चकली ठेवून बरणी लेकीच्या हातात दिली. ती खुडबुड करायला लागली तशी मी सवयीने उघडायला धावले. बाईंनी माझं मनगट धरलं. "मनात दहा मोजा." सातला लेकीने बरणी माझ्या मांडीवर ठेवली आणि वर बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत. चकली तिला मिळाली, रडले मी.

म्हणून सेंटर बघताना मशिनं, झोपाळे नंतर बघ. आधी विचार, "आईबापांना शिकवता का?" जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कार्यक्रमच आहे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी: नऊ गटसत्रं, तीन घरभेटी. त्यात हेच, रोजच्या खेळातून आणि कामांतून. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था 2001 पासून मुलांबरोबर पालकांसोबतही काम करते. 'फोरम फॉर ऑटिझम' तर पालकांचाच गट. शाळा कुठली घेते, कुठली गोड बोलून टाळते, हे तिथल्या आयांना पाठ असतं.

आता कागद. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. तुझा आयईपी (तिथल्या शाळेने लेकासाठी केलेला शिक्षण आराखडा) घेऊन ये, पण इथे तपासणी नव्याने होते, 40 प्रश्नांच्या भारतीय मोजपट्टीवर. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आलं की बऱ्याच सवलती लागू होतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मी एका सरकारी रुग्णालयात तीन खेपा घातल्या. तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरावीक वारीच बसतं, हे तिसऱ्या खेपेला शिपायाने सांगितलं. तू आधी वार विचार, मग टॅक्सी कर.

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना जरूर बघ. वर्षाला 1 लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत बसतो, जो नेहमीच्या मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. लेकाचा पासपोर्ट कुठला? ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) असेल तर आधार काढण्याआधी इथे 182 दिवस राहावं लागतं. तोवर मूल्यांकन उरकून घे.

सासूबाईंना काही समजावू नकोस. बरणी त्यांच्या हातात दे आणि दहा मोजायला सांग. माझ्या सासूबाई मोजताना "राम राम" म्हणायच्या.

(माहीमची ताई)

---

ताई, पासपोर्ट अमेरिकन, ओसीआय आहे. मेल वाचून धीर आला.

बरणीचा प्रयोग आजच केला. सहा मोजेपर्यंत तो शांत होता. सातला बरणी फरशीवर आपटली, काचा गोळा केल्या आणि दोघांनी चकली खाल्ली.

---

काचेची कोणी सांगितली होती गं? प्लॅस्टिकची घे, फिरकीच्या झाकणाची. आणि आपटण्याआधी त्याने तुझ्याकडे बघितलं का, ते सांग.