मदत हवी आहे: नळाच्या लाइनला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) कोणता बसवू?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं दुमजली घर आहे. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून हौद आणि बोअर दोन्हींवर भागतं. जुन्या प्लंबरने बोअरची लाइन टी (तीन तोंडांचा जोड) मारून थेट नळाच्या लाइनला जोडलीय, मध्ये फक्त एक बॉल व्हॉल्व्ह. भाडेकरूंकडून तो उघडा राहिला, की मोटर चालू होताच बोअरचं पाणी उलटं बाहेरच्या लाइनमध्ये! परवा शेजारच्या काकू विचारत आल्या, "आज पाण्याची पाळी नाही, मग नळ कसा वाहतोय?" तांब्या तोंडाला लावला तर मचूळ.

मीटरच्या पुढे अर्धा इंची पितळी एनआरव्ही टाकायचाय. स्प्रिंगचा उघडायलाच थोडा दाब लागतो, आणि आमच्याकडे सुरुवातीची धार करंगळीएवढी. फ्लॅपचा हलक्या दाबाला उघडतो, पण तो आडवा किंवा खालून वर जाणाऱ्या लाइनीतच चालतो. आमची लाइन हौदात वरून खाली उतरते. आडवा तुकडा जेमतेम वीतभर, त्यातच दोन्हीकडे युनियन (खोलता येणारे जोड) बसवायचेत, कारण बोअरच्या क्षाराने फ्लॅप अडकला तर खोलून साफ करावा लागणार.

खरं तर टी कायमची काढून नळाचं पाणी फक्त हौदात सोडावं, तेही ओव्हरफ्लोच्या वरून, असं मला वाटतं. पिण्याच्या पाण्यासाठी एकट्या व्हॉल्व्हवर भरवसा नको. पण त्यासाठी शहाबादी फरशी उखडावी लागेल, आणि घरातले ऐकायला तयार नाहीत.

कोणी असं काम केलंय का? फरशी न फोडता जमेल? जुळे सोलापूर, विजापूर रोड भागातला जाणकार प्लंबर माहीत असेल तर मेसेज करा.