शब्दचर्चा : 'मिनोनोसेत्स', 'एस्मिनेत्स' आणि विनाशिका

प्रश्न : रशिया-जपान युद्धावरील मजकुरात 'मिनोनोसेत्स' या रशियन शब्दासाठी कोणी 'सुरुंगवाहू नौका' लिहिते, तर कोणी सरळ 'विनाशिका'. यांपैकी योग्य काय? 'एस्मिनेत्स' हा शब्द याहून वेगळा आहे का?

उत्तर : 'सुरुंगवाहू' ही शब्दशः फोड आहे, पण अर्थ चुकवणारी. 'नोसेत्स' म्हणजे वाहणारा, हे खरेच. चिलखती युद्धनौकेला रशियनमध्ये 'ब्रोनेनोसेत्स' म्हणतात ते त्याच धर्तीवर. अडचण 'मिना' या पूर्वपदात आहे. ज्याला आपण पाणतीर (टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून स्वतः पुढे जाणारे अस्त्र) म्हणतो, त्याला रशियन नौदल त्या काळी 'स्वतः चालणारी मिना' म्हणत असे आणि पाण्यात एका जागी नांगरून ठेवलेला सुरुंगही 'मिना'च होता. पुढे अ‍ॅडमिरल झालेल्या मकारोव्ह यांच्या बोटींनी जानेवारी १८७८ मध्ये बातुमी बंदरात 'इंतिबाह' हे तुर्की जहाज बुडवले ते पाणतिरांनी. तेच मकारोव्ह १३ एप्रिल १९०४ रोजी पोर्ट आर्थर या रशियन नाविक तळाजवळ 'पेत्रोपाव्लोव्स्क' जहाजासह बुडाले ते जपान्यांनी पेरलेल्या सुरुंगांमुळे. रशियन नोंदींत या दोन्ही ठिकाणी 'मिना' हाच शब्द येतो, म्हणून भाषांतर करणाऱ्याने प्रसंग पाहूनच मराठी शब्द निवडला पाहिजे.

त्यामुळे १९०७ पूर्वीच्या 'मिनोनोसेत्स'साठी मी 'पाणतीर नौका' लिहावे असे सुचवतो. सुरुंग पेरणाऱ्या जहाजाला रशियनमध्ये वेगळेच नाव होते. मे १९०४ मध्ये ज्या सुरुंगांवर 'हात्सुसे' आणि 'याशिमा' या दोन जपानी युद्धनौका गमावल्या गेल्या, ते पेरणारे 'आमुर' हे त्या वर्गातले जहाज होते. त्याला आणि मार्च १९०४ मध्ये झुंजून बुडालेल्या 'स्तेरेगुश्ची' या पाणतीर नौकेला एकाच मराठी नावाखाली आणले, तर वाचकाला दोघांच्या कामातला फरक कधीच कळणार नाही.

'एस्मिनेत्स' हा 'एस्काद्रेन्नी मिनोनोसेत्स', म्हणजे ताफ्यासोबत जाणारी पाणतीर नौका, याचा संक्षेप आहे. हा अधिकृत वर्ग १९०७ मध्ये आला आणि जपानशी झालेल्या युद्धाच्या काळात लोकवर्गणीतून बांधायला घेतलेल्या मोठ्या नौकाही त्यात घेतल्या गेल्या. इंग्रजी 'डिस्ट्रॉयर' या नावात शत्रूच्या पाणतीर नौकांचा नाश करण्याचे काम आहे आणि मराठी 'विनाशिका' त्यावरूनच घडली. रशियन नावात मात्र नौकेचे स्वतःचे शस्त्र आणि ताफ्यातील स्थान आहे. दृष्टी निराळी असली, तरी जहाजाचा प्रकार एकच असल्याने 'एस्मिनेत्स'साठी 'विनाशिका' लिहिण्यास माझी हरकत नाही.

या वर्गाचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या पुतिलोव्ह कारखान्यात बांधलेली आणि १९१३ मध्ये सेवेत आलेली 'नोविक'. तिचे बॉयलर केवळ तेलावर चालत, यंत्रे टर्बाइनची होती आणि चाचणीत तिने ३७ नॉटहून अधिक वेग गाठला, जो त्या काळी जगात अव्वल होता. तिच्यावर १०२ मिलिमीटरच्या चार तोफा आणि पाणतिरांच्या चार जोडनळ्या होत्या. शिवाय डेकवर रूळ बसवून त्यांवर सुमारे साठ सुरुंग रांगेने ठेवता येत आणि ते मागच्या बाजूने एकेक करून समुद्रात सोडले जात. म्हणजे एकाच डेकवर दोन अगदी वेगळी शस्त्रे होती आणि दोन्ही 'मिना'. ऑगस्ट १९१५ मध्ये रीगाच्या आखाताजवळ तिने 'व्ही-९९' आणि 'व्ही-१००' या दोन जर्मन नौकांना तोफांनी गाठले. जखमी 'व्ही-९९' सुरुंगांत शिरली आणि गमावली गेली. इथे 'मिना'चे भाषांतर पाणतीर केले, तर लढाईचा सगळा क्रमच उलटतो.

पुरवणी प्रश्न : नंतरच्या काळातील मजकुरातही हीच सावधगिरी हवी का?

उत्तर : तितकी नाही. सोव्हिएत काळात 'तोर्पेदा' हा शब्द रूढ झाला आणि नौदलाच्या लेखनात 'मिना' सुरुंगापुरती उरली; 'एस्मिनेत्स' हे नाव मात्र जुन्याच अर्थाचा अवशेष घेऊन टिकले. 'नोविक'चे नाव १९२६ मध्ये बदलून 'याकोव्ह स्वेर्दलोव्ह' ठेवण्यात आले आणि टालिनहून माघार घेताना २८ ऑगस्ट १९४१ रोजी ती 'मिना'वर आदळून बुडाली. तिथे निःशंकपणे 'पाणसुरुंग' लिहावे.