मदत हवी आहे : थॉर्नीच्या फ्रेंच नोंदवहीच्या मागे जाऊन वालून पूर्वजांचे मूळ गाव कसे शोधावे?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ राहते. माझे सासरे इथल्याच फेन्स भागातले, म्हणजे एके काळच्या पाणथळ मुलखातले, आणि त्यांच्या आईकडच्या घराण्याची वंशावळ मी लावते आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले जाते की मूळ पुरुष ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट होता, 1685 साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारे नँतचे आज्ञापत्र रद्द केल्यावर तो जीव वाचवून इकडे आला आणि त्याने चर खणून ही दलदल कोरडी केली. अडचण अशी की त्याच आडनावाच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे मला जवळच्याच थॉर्नी गावातल्या फ्रेंच मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) नोंदवहीत 1660च्या दशकातच सापडले आहेत.

यावरून माझा समज असा झाला आहे की घरच्या कथेत दोन वेगळी स्थलांतरे एकमेकांत मिसळली आहेत. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने 1626 साली कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच माणसाशी करार करून इथून उत्तरेकडची हॅटफील्ड चेसची दलदल उपसायला दिली, तेव्हा तिथल्या सँडटॉफ्टला वालून (आजच्या बेल्जियमकडची फ्रेंच बोलणारी) आणि फ्रेंच प्रॉटेस्टंट कुटुंबे वसवली गेली. स्थानिकांची गायराने आणि मासेमारी गेल्यामुळे दंगे होतच राहिले, 1650-51 मध्ये तर वस्तीची आणि प्रार्थनामंदिराची मोडतोड झाली. त्याच सुमारास दक्षिणेकडे अर्ल ऑफ बेडफर्डच्या थॉर्नी येथील जमिनी कोरड्या होत होत्या आणि बरीच कुटुंबे तिकडे सरकली. तिथल्या मंडळीचे पहिले पाळक इझेकिएल दानुआ मूळचे काँपिएन्यचे; 1674 मध्ये ते वारले आणि त्यांचा स्मृतिलेख थॉर्नी ॲबीत आहे. तेव्हा आमचा पुरुष 1685च्या लोंढ्यातला नसून त्याच्या एक-दोन पिढ्या आधीचा, बहुधा वालून असावा. पुढे ह्युगेनो हे नाव अधिक परिचित झाल्याने तेच चिकटले असेल.

शिवाय तो खणणारा तरी होता का, याचीही मला शंका आहे. 1650च्या डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी आणि नंतर डच युद्धकैदी यांना बेडफर्ड लेव्हलच्या, म्हणजे इथल्या फेन्समधील कोरड्या केल्या जाणाऱ्या भागाच्या खणकामावर लावले होते. थॉर्नीची फ्रेंच कुटुंबे मुख्यतः नव्याने निघालेली जमीन कसणारी कुळे होती. मी हे सांगितल्यावर सासरे जरा हिरमुसले, कारण पूर्वजाच्या हातातले फावडे त्यांच्या मनात फार पक्के बसले आहे.

आता मुख्य मुद्दा. थॉर्नीची नोंदवही 1654 ते 1727 या काळातली असून ती छापलेली आहे, पण तीत फक्त बाप्तिस्मे आहेत. एक गोष्ट मात्र फार सोयीची आहे. त्या काळच्या इंग्रजी नोंदींत आईचे बहुधा नुसते पाळण्यातले नाव असते किंवा तेही नसते, तर फ्रेंच मंडळीत आईचे माहेरचे आडनाव आणि धर्ममातापित्यांची नावेही लिहिली जातात. आमच्या तिन्ही नोंदींत बापाचे आडनाव तीन प्रकारे लिहिले आहे, पण आईचे माहेरचे आडनाव अक्षरशः एकच आहे आणि दोनदा आलेली धर्ममाताही त्याच आडनावाची आहे. म्हणून मी बापाचे आडनाव बाजूला ठेवून या माहेराचाच माग धरला आहे. (माझ्या माहेरची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून एका दुपारी मिळाली होती, पण तीत स्त्रियांची माहेरे नव्हती.)

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. सँडटॉफ्टची मूळ नोंदवही गहाळ झालेली असल्यामुळे 1654 पूर्वीचा दुवा कुठे शोधणे जास्त फलदायी ठरेल : कँटरबरी आणि नॉरिच येथील वालून मंडळींच्या छापील नोंदींत, की नेदरलंड्समधील वालून चर्चांच्या नोंदींवरून तयार केलेल्या कार्ड-सूचीत? तुमच्यापैकी कोणी लायडन किंवा हेगमध्ये राहत असल्यास आणि ही सूची वापरली असल्यास तीत स्त्रीच्या आडनावावरून शोध घेता येतो का, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न तारखांचा. इंग्लंडमध्ये तेव्हा नवे वर्ष 25 मार्चला सुरू होई आणि जुने ज्यूलियन पंचांग चाले, तर फ्रान्समध्ये 1582 पासूनच ग्रेगोरियन गणना होती. थॉर्नीचे फ्रेंच पाळक कोणते वर्ष धरत? आमच्या दोन भावंडांचे बाप्तिस्मे एकाच सालातल्या फेब्रुवारी आणि जूनमध्ये दिसतात. वर्ष मार्चपासून धरले तर जून आधीचा, फेब्रुवारी नंतरचा आणि अंतर आठ महिन्यांचे होते, जानेवारीपासून धरले तर जेमतेम चार महिन्यांचे. चार महिन्यांत दुसरे मूल होणे शक्य नाही, आठही तंगच आहेत. एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा उशिरा झाला असेल, की ही एकाच आडनावाची दोन घरे आहेत?

नातेवाईक हयात असल्याने आडनाव इथे उघड देत नाही, मात्र मदत करू इच्छिणाऱ्यांना ते आणि तिन्ही नोंदींची नक्कल व्यक्तिगत निरोपातून पाठवीन.