पणजोबांच्या नोटेशनच्या वह्या आणि मुंबईच्या जुन्या डिरेक्टऱ्या, यातून काही धागा लागेल का?

वेंगुर्लेवाली

नमस्कार मंडळी. आमचं मूळ घर वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचे कागद मिळालेत. घरात एवढंच माहीत आहे की ते "नाटक कंपनीत पेटीवर होते", कुठली कंपनी, किती वर्षं, मुंबईत कुठे राहायचे, काही नाही, आजी असती तर तिला विचारलं असतं पण ती गेली आणि बाबांना लहानपणीचं फार आठवत नाही.

ट्रंकेत काय काय आहे ते सांगते. हाताने लिहिलेल्या दोन जाड वह्या, सारेगम आणि खाली पदाचे शब्द, स्वरांना खाली-वर बारीक खुणा आहेत त्या मला वाचता येत नाहीत. मग नाटकातल्या पदांची छापील पातळ पुस्तकं, एकावर किंमत ६ आणे छापलंय, पहिलं पान फाटलेलं आहे त्यामुळे साल नाही. पाच रेघांवर काढलेल्या इंग्रजी पद्धतीच्या म्युझिकची काही सुटी पानं. एका वहीच्या आतल्या बाजूला वाद्यांच्या दुकानाचा रबरी शिक्का, नाव अर्धवट, पण "ठाकूरद्वार, गिरगाव" स्वच्छ वाचता येतं. आणि शेवटच्या पानांवर मालवण, खारेपाटण, राजापूर, चिपळूण अशी गावं आणि पुढे "३ रात्री", "२ रात्री" आणि रुपये-आणे.

अजून एक घोळ म्हणजे आम्ही आता "-कर" लावतो पण त्या वहीवर नाव नाईक असं लिहिलंय. त्या काळच्या मुंबईच्या डिरेक्टऱ्यांमधे लोकांची नावं-पत्ते असायचे असं ऐकलंय, त्यात हे सापडतील का? कुठून सुरुवात करू? मला खरंच त्यांच्याबद्दल कळून घ्यायचंय, घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही.

काळी_पाच

ताई, आधी वहीतल्या खुणा बघा, पदं नंतर. मी पेटी शिकवतो म्हणून सांगतो, खुणांवरून गुरू कुठल्या वळणाचा होता याचा अंदाज येतो.

खालच्या सप्तकाच्या स्वराला टिंब खाली आणि वरच्या सप्तकाला टिंब वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि खालीला (टाळी न देता हात मोकळा दाखवतात त्या मात्रेला) शून्य असं असेल तर ती भातखंडे पद्धत. कोमल स्वराचा पाय मोडलेला, मंद्राचं म्हणजे खालच्या सप्तकाचं टिंब चक्क डोक्यावर, तार म्हणजे वरच्या सप्तकाला डोक्यावर उभी रेघ, समेला १ आणि खालीला + असेल तर ती विष्णु दिगंबर पलुस्करांची. विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालय १९०१ मधे लाहोरला काढलं आणि १९०८ मधे मुंबईत, त्यामुळे मुंबईत त्या पद्धतीने शिकलेला माणूस बहुतेक १९०८ नंतरचा. भातखंड्यांची स्वरलिपी छापून सगळीकडे पसरली ती साधारण १९१० च्या दशकापासून पुढे. पण हा नुसता इशारा हां, पुरावा नाही, गांधर्वच्या परीक्षांना आजही दोन्ही पद्धती विचारतात आणि कित्येक पेटीवाले स्वतःच्याच खुणा करायचे.

दुसरं, पदं कुठल्या नाटकातली ते बघा. मानापमान रंगभूमीवर आलं १९११ ला, स्वयंवर १९१६ ला. त्यातलं एक जरी पद वहीत असलं तरी ते पान त्या सालाच्या अगोदर लिहिलेलं असूच शकत नाही, आणि वहीतली पदं क्रमाने लिहिलेली असतील तर तुम्हाला वहीचं वय पानागणिक कळत जाईल. पदाच्या डोक्यावर "चाल –" असं लिहून दुसऱ्या एखाद्या गाण्याची ओळ दिली असेल तर ती ओळ टाळू नका, ती त्याच्याही आधीच्या गाण्याची असते. साकी, दिंडी, अंजनीगीत या वृत्तांची नावं लिहिलेली भरपूर असतील तर किर्लोस्कर वळणाची जुनी नाटकं, म्हणजे १८८० च्या शाकुंतलानंतरची परंपरा.

पानाच्या कोपऱ्यात "काळी १", "पांढरी ४" असं काही दिसलं तर ती गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीला सा धरून तो गायचा ती. एकाच पदावर खोडून दुसरी पट्टी लिहिली असेल तर बहुतेक नट बदललाय, आणि हे नाटकांच्या जाहिरातीतल्या नटांच्या नावांशी ताडून बघता येतं. मला तर ट्रंकेतल्या सगळ्यात हीच गोष्ट मोलाची वाटते, कारण हे कुठल्याच छापील पुस्तकात नसतं, फक्त साथ करणाऱ्याच्या वहीत असतं.

अजून एक. १९३२ ला मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्या एकेक करून बसल्या, पेटीवाले शिकवण्यांकडे, सिनेमाकडे वळले. रेडिओत मात्र शोधू नका, ऑल इंडिया रेडिओवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती.

ग्रंथालयातला_कोपरा

काकांनी वहीचं सांगितलं, मी छापील कागद आणि डिरेक्टऱ्यांचं सांगतो, हे माझं आवडतं काम आहे.

किंमत ६ आणे म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. एखाद्यावर "न.पै." म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. शके दिला असेल तर ७८ मिळवा, शके १८३२ म्हणजे सन १९१०. पहिलं पान फाटलं असलं तरी शेवटचं पान आणि मलपृष्ठ आतून-बाहेरून बघा, १८६७ च्या कायद्याने छापखान्याचं नाव-गाव छापणं सक्तीचं झालं होतं. त्याच कायद्यामुळे मुंबई इलाख्यात नोंदलेल्या पुस्तकांची दर तिमाहीला यादी निघायची, त्यात छापणारा, प्रती किती, किंमत किती हे सगळं असायचं. पदांची पातळ पुस्तकंसुद्धा त्यात सापडतात, लोकांना वाटतं असल्या फुटकळ छपाईची कोण नोंद ठेवणार, पण ठेवलेली आहे.

आता डिरेक्टऱ्या. मुंबईसाठी टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी आणि सगळ्या हिंदुस्थानासाठी थॅकरची, ती १८८५ पासून १९६० पर्यंत निघत होती. काही वर्षांचे अंक आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन केलेले आहेत, बाकीसाठी एशियाटिक सोसायटी आणि मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय. पण तुम्ही पणजोबांचं नाव शोधायला जाल आणि निराश होऊन परत याल म्हणून आधीच सांगतो, त्यात अधिकारी, वकील, डॉक्टर, पेढ्या, दुकानं, कारखाने असायचे, चाळीतल्या खोलीत चार जणांबरोबर राहणारा पेटीवाला त्यात नसायचाच, गिरणीत जाणारा आपला चाकरमानी पण नसायचा.

तुम्ही दुकान शोधा. वाद्यांच्या दुकानांचा धंदेवार यादीत वेगळा मथळा असतो. त्या मथळ्याखाली ठाकूरद्वारचा पत्ता असलेली दुकानं काढा, मग तेच दुकान मागच्या-पुढच्या वर्षांच्या अंकात बघत जा. ज्या वर्षी ते पहिल्यांदा त्या पत्त्यावर दिसतं आणि ज्या वर्षी तिथून नाहीसं होतं, तुमचा शिक्का त्या दोन वर्षांच्या मधला. मधले अंक मिळाले नाहीत तर अंतर मोठं राहतं, तरी नुसत्या "आजोबांच्या वेळचं"पेक्षा हे कितीतरी बरं. जुन्या इंग्रजी अंकात गावांची नावं भलतीच असतात, वेंगुर्ल्याचं व्हिंगोर्ला, रत्नागिरीचं रत्नाघेरी, तेव्हा कॉम्प्युटरवर सर्च करताना तसंही टाकून बघा.

आणि ती गावं-रात्रींची यादी म्हणजे दौऱ्याचा हिशोब वाटतोय मला. मालवण काय, राजापूर-चिपळूण काय, तेव्हा कोकणात जायचं म्हणजे बोटीने बंदरात उतरून पुढे खाडीने होडीतून नाहीतर बैलगाडीने, पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे दौरा पावसाळा सरल्यानंतरचाच. गावांचा क्रम नकाशावर मांडून बघा. मग त्या महिन्यांचे वर्तमानपत्रांचे अंक, रत्नागिरीचं बलवंत, सावंतवाडीचं वैनतेय, यात नाटकांच्या जाहिराती बघायच्या. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथे आणि सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरात चौकशी करा, मुंबईत दादरचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच.

रेवदंडा_बंदर

एक गोष्ट राहिली. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी आश्रयदात्यांची यादी छापायचे, ज्यांनी आगाऊ पैसे भरले त्यांची नावं गावासकट, कधी हुद्द्यासकट. पदांच्या, भजनांच्या, कीर्तनांच्या पुस्तकात ही यादी असेल तर ती सगळी उतरवून घ्या, त्यात डिरेक्टरीत कधीच न येणारी माणसं असतात, गावचा मास्तर, बंदरावरचा कारकून, एखादा दुकानदार.

आमच्या अष्टागरात, म्हणजे अलिबाग-रेवदंड्याच्या किनारपट्टीत, बेने इस्रायली म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी होती, त्यांनी १८८० च्या सुमाराला आपल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि ती छापलीसुद्धा, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, पण साकी-दिंडीत, आपल्या कीर्तनासारखीच. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नागावकर ही त्यांची आडनावं बघा, सगळी कोकणातल्या गावांवरून. गावं सोडून इस्रायलला गेलेल्या कुटुंबांचा इथला माग अशा पुस्तिकांतून लागू शकतो. म्हणून माझं म्हणणं की गाण्याचं पुस्तक हे नुसतं गाण्याचं नसतं, त्याची पहिली आणि शेवटची चार पानं गावाची नोंदवही असते, आणि लोक नेमकी तीच फाटली म्हणून फेकून देतात.

मालवणी_खाजा

गो बाय, ते कागद पयले नीट ठेव, आमच्या आज्याचे सगळे कागद वाळवीन खाल्ल्यान. ट्रंक भिंतीक टेकवून ठेवू नको आणि फाटलेल्या पानांका सेलोटेप लावू नको, दोन्ही बाजूंचे फोटो काढ.

नाईक-कर ह्या काय नवल नाय. मुंबईत गेल्यावर एका गावात दहा नाईक, मग ओळख पटावी म्हणून गावाचं नाव लावायचे, शाळेत मास्तरांनी जे लिहिलं तेच पुढे चाललं. म्हणून गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघ, त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख सगळं असतं, तिथे नाईक सापडला आणि त्याच्याच मुलापुढे -कर दिसला की दुवा लागला. तहसीलला गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद मिळते, जुनी असेल तर मोडीत असेल, वाचणारा शोधावा लागेल. घराच्या जमिनीचे जुने फेरफार बघ, वारस लागले तेव्हा कोण मेलं, कधी, मागे कोण राहिलं ते त्यात येतंच. एक लक्षात ठेव, वेंगुर्ला इंग्रजांकडे १८१२ पासून आणि सावंतवाडी मात्र १९४८ पर्यंत संस्थान, त्यामुळे पणजीचं माहेर वाडी संस्थानातलं असेल तर तिचे कागद वेगळ्या दप्तरात. आणि सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधीचं सगळं रत्नागिरी जिल्हा म्हणून शोधायचं.

घरातली कोणी नाशिक-त्र्यंबकला गेली असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्या लिहिलेल्या असतात, गावाचं नाव आणि जुनं आडनाव दोन्ही सांगून विचार. आणि देवळाचे मानकरी, म्हणजे बारा-पाचाची घरं, त्यांका विचार, कोणाच्या घरात पेटी होती ह्या गावात कोणाक ना कोणाक ठाऊक असताच.

वेंगुर्लेवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काका, कोमल स्वरांचे पाय मोडलेलेच आहेत आणि टिंबं डोक्यावर! समेला १ पण आहे. पहिल्या वहीत मानापमानची पदं सुरुवातीलाच आहेत, स्वयंवरची मधून पुढे. "काळी १" खोडून "काळी ३" केलेली दोन पदं सापडली. एशियाटिकमधे जाऊन आले, वीसच्या दशकातल्या एका अंकात ठाकूरद्वारला वाद्यांचं दुकान मिळालं, नावाची पहिली अक्षरं शिक्क्याशी जुळतात, आणि नंतरच्या अंकात तेच दुकान लॅमिंग्टन रोडला गेलेलं दिसतंय. मधले अंक तिथे नव्हते, ते आर्काइव्हवर शोधतेय.

पदांच्या एका पुस्तकाच्या शेवटी खरंच आश्रयदात्यांची यादी आहे, वेंगुर्ल्याची आठ नावं, त्यात एक नाईक आहे पण नाव वेगळं, भाऊ असेल का ते शाळेच्या रजिस्टरात बघणार आहे. पाच रेघांची पानं मात्र अजून कळली नाहीत.

काळी_पाच

ताई छानच! ती पाच रेघांची पानं गोव्याच्या वादकाकडून आली असतील असं मला वाटतं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणापासून स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातले खूप जण मुंबईत बँडमधे, मूकपटाच्या वेळी थिएटरात, नंतर सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायला आले. वेंगुर्ल्याहून गोवा ते किती लांब. पानाच्या वर कोपऱ्यात वाद्याचं नाव लिहिलेलं असतं, व्हायोलिन, कॉर्नेट असं, ते बघा, आणि मालवणच्या किंवा गोव्याच्या कोणा चर्चमधल्या वादकाला फोटो दाखवा, तो वाजवूनच दाखवेल. ती चाल वहीतल्या एखाद्या पदाशी जुळली तर तुमचे पणजोबा आणि तो वादक एकाच कंपनीत होते असं धरून पुढे शोधता येईल. त्या दोन "काळी ३" वाल्या पदांचे फोटो इथे टाका, पट्टी आणि चाल बघून नट कोण असावा याचा मी अंदाज करतो.